आधी काच, मग कागद

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



गेली कित्येक वर्षं मी याच सभागृहात, खाली चौथ्या रांगेत, पंख्याची जागा बघून बसत आलोय. इथं संतसाहित्य ऐकलं, शेअर बाजार ऐकला, पाणीप्रश्न तर तीनदा ऐकला. पॅथॉलॉजिस्टला मात्र कुणी भाषणाला बोलावल्याचं आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. आमचा माणसांशी संबंध कमी, तुकड्यांशी जास्त. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचं काही ना काही माझ्याकडे येऊन गेलेलं आहे. कुणाचं अपेंडिक्स, कुणाची पित्ताची पिशवी, कुणाच्या मानेतली गाठ. पण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला फक्त नंबरानं ओळखतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्यांना स्तुती आवडत नसे आणि भाषणात स्वतःचं नाव तर मुळीच खपत नसे. म्हणून मी त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे. सर आम्हाला पॅथॉलॉजी शिकवायचे. त्यांचा एक नियम होता. तुकड्यासोबत जो कागद येतो, म्हणजे रुग्णाचं वय, तक्रार, सर्जनचा अंदाज लिहिलेला फॉर्म, तो ते पालथा ठेवायचे. म्हणायचे, ‘आधी काच बघ, मग कागद वाच, आणि मग परत काच बघ.’ आम्ही हसायचो. साठ-सत्तर स्लाइड रोज बघायच्या आणि प्रत्येक दोनदा? घरी कधी जायचं?

आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे तिथं मी हा नियम मोडला होता. तेव्हा हे व्याख्यान कमी आणि कबुलीजबाब जास्त असं समजा.

2012 चा पावसाळा. कृष्णाकाठच्या एका गावात माझी लहानशी लॅब होती. एक मायक्रोस्कोप, एक टेक्निशियन, एक जुना मायक्रोटोम. साखर कारखान्यात फिटरचं काम करणारा एक तरुण, वय 26. उजव्या तळहाताला, अनामिकेच्या बुडाशी एक कडक गाठ. दुखत नव्हती. पुढं ती फुटली आणि जखम झाली, ती भरेना. त्याचं म्हणणं, लोखंडाचा कीस घुसला होता. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना कुठली तरी जुनी इजा आठवते. हातानं काम करणाऱ्याला इजा आठवणार नाही तर काय आठवणार? चार महिने मलम-पट्टी झाली. मग सर्जननी जखमेच्या कडेचा तुकडा काढला आणि कागदावर लिहिलं, ‘न भरणारी जखम. ? कॉक्स.’

कॉक्स म्हणजे काय ते सांगतो, कारण हा शब्द तुम्ही दवाखान्याच्या दारात ऐकला असेल. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी शोधला, 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. रुग्णासमोर ‘टीबी’ म्हटलं की घरात रडारड होते, सोयरीक मोडते, म्हणून आमचे डॉक्टर आपसात ‘कॉक्स’ म्हणतात. शोधणाऱ्याचंच नाव रोगाला चिकटलं, बिचाऱ्याचं.

मी कागद वाचला. मग काच बघितली. क्रम लक्षात घ्या. आधी कागद, मग काच. आणि काचेवर मला काय दिसलं? कॉक्स दिसला.

आता थोडं मागं जाऊ. तुकडा काचेवर येतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि या वाटेतच पहिली गोम आहे.

शरीरातून काढलेला तुकडा त्या क्षणापासून नासायला लागतो. त्याला जागच्या जागी थांबवायला फॉर्मालिन लागतं. मग त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढायचं, अल्कोहोल झायलीननं काढायचं, झायलीनच्या जागी वितळलेलं मेण भरायचं. गार झालं की मेणाचा ठोकळा होतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाइतके. ते काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. माझा टेक्निशियन ते अशा हळुवारपणे उचलायचा, की वाटावं हा दुधावरची साय काढतोय. मग रंग. हिमॅटॉक्सिलिन, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येणारं, त्यानं पेशींची केंद्रकं निळी होतात. इओसिननं बाकीचं गुलाबी. दीडशेच्या आसपास वर्षं झाली, मूळ रंग हेच दोन. आम्ही आयुष्यभर जांभळ्या-गुलाबी रंगात राहतो.

गोम कुठं? बाटलीत. तालुक्याच्या गावातून एसटीच्या पार्सलनं माझ्याकडे बाटल्या यायच्या. काहींत फॉर्मालिन, काहींत नुसतं सलाईन. का? तर त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधलं फॉर्मालिन संपलेलं. सलाईनमध्ये तुकडा भिजतो, टिकत नाही. या तरुणाचा पहिला तुकडा दीड दिवस सलाईनमध्ये होता. तरी काप बरा निघाला, निळा-गुलाबी रंग बरा बसला, म्हणून मी तक्रार केली नाही. ही बाटली जरा लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आता काचेवर काय होतं ते बघू. पडद्यावर दोन चित्रं आहेत, डावं आणि उजवं. एक खऱ्या क्षयाचं, एक या तरुणाच्या हातातलं. दोन्हींत मधोमध गुलाबी, आकार नसलेला, मेलेला भाग. दोन्हींत त्याभोवती पेशींचं कडं, जणू विहिरीभोवती बायका वाकून उभ्या आहेत. दोन्हींत बाहेरच्या बाजूला बारीक निळे ठिपके, म्हणजे लिम्फोसाइट, आपल्याच सैन्यातल्या पांढऱ्या पेशी. डावं चित्र क्षयाचं वाटतंय त्यांनी हात वर करा. आता उजवं वाटतंय त्यांनी.

(सभागृहात साधारण निम्मे-निम्मे हात. छापील पुस्तिकेत चित्रं देता आलेली नाहीत.)

छान. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा वाईट नाही. क्षय उजवीकडे आहे. डावीकडे आहे तो एपिथेलिऑइड सार्कोमा नावाचा कॅन्सर.

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, कंडरा, रक्तवाहिन्या अशा आधार देणाऱ्या मऊ भागातला कॅन्सर. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये मऊ भागातले सार्कोमा साधारण शंभरात एक. त्यांचे पन्नासहून जास्त प्रकार. आणि हा प्रकार त्या एकातला शंभरावा हिस्साही भरत नाही. जिल्ह्याच्या गावातल्या पॅथॉलॉजिस्टला उभ्या हयातीत एक, फार तर दोन. तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या तरुणांना, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि बहुतेकदा कुठं? बोटं, तळहात, मनगट, पुढचा हात.

दुसरीकडे क्षय. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक आपल्या देशातला. माझ्या टेबलावर आठवड्याला चार-पाच. आता सांगा, मधोमध मेलेला भाग आणि भोवती पेशींचं कडं दिसलं तर मी काय म्हणणार? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं असं आपण म्हणतो. पण ज्या गावात खरोखरच बहुतेक गोष्टी पिवळ्या आहेत तिथं त्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा?

गंमत म्हणजे, गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी म्हणतो, शब्दसुद्धा एकच आहे. क्षयात जंतूंना घेरणाऱ्या पेशी फुगतात, एकमेकींना खेटून त्वचेच्या आवरणातल्या पेशींसारख्या दिसायला लागतात. म्हणून त्यांना ‘एपिथेलिऑइड’ पेशी म्हणायचं. आवरणासारख्या. या कॅन्सरच्या पेशीही तशाच दिसतात, म्हणून तो एपिथेलिऑइड सार्कोमा. चोर आणि शिपाई, दोघांच्या अंगावर एकच कपडे, आणि नावही एकच.

मग फरक कशात? आता कळतंय म्हणून सांगतो, तेव्हा कळलं नव्हतं. क्षयातली पेशी फिकट असते, तिची कड पुसट. शेजारणीत कधी मिसळली ते समजत नाही. केंद्रक लांबुळकं, चपलेच्या तळव्यासारखं. या कॅन्सरची पेशी जास्त गुलाबी, काचेसारखी घट्ट, तिची कड कळते, केंद्रक गोल, मोकळं, आत एक ठिपका. क्षयात मोठाल्या लँगहान्स पेशी सापडतात, ज्यांची केंद्रकं कडेनं घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. इथं तशा क्वचितच. आणि सगळ्यात महत्त्वाचं कड्याच्या बाहेर. क्षयात कडं संपतं आणि लिम्फोसाइट सुरू होतात. इथं त्या गोल पेशी बाहेर जाता जाता लांबट होतात, चातीसारख्या होतात आणि दोरखंडासारख्या तंतूंमध्ये शिरतात. कुठं गोल संपलं आणि कुठं लांबट सुरू झालं, सांगता येत नाही. दाह असा पसरत नाही. गाठ पसरते.

हे सगळं पहिल्याच काचेवर होतं. सगळं. मी ती काच नंतर कितीदा बघितली असेल! दर वेळी वाटायचं, हे मला दिसलं कसं नाही? पण प्रश्न चुकीचा आहे. दिसलं होतं. विचारलं नव्हतं. कागदावर विचारलं होतं, ‘कॉक्स आहे का?’ आणि काच म्हणाली, ‘हो, तसंच काहीसं.’ काच मोठी आज्ञाधारक असते, विचाराल तेवढ्याचंच उत्तर देते.

माझं म्हणणं एवढंच असतं तर मी इथंच खाली बसलो असतो. कागद वाचू नका, काच बघा, पूर्वग्रह सोडा. टाळ्या. पण तसं नाहीये. कारण त्याच कागदावर दुसरंही लिहिलेलं होतं. वय 26. उजवा तळहात. दुखत नाही. चार महिने. क्षय तळहातावर सुरू होत नाही असं नाही, पण तिथं, तरुणाच्या हातात, न दुखणारी कडक गाठ फुटली तर पहिला प्रश्न कुठला विचारायचा हे सार्कोमाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे. ज्या कागदानं मला चकवलं त्याच कागदावर उत्तरही होतं. मी सर्जनचा अंदाज वाचला, रुग्ण वाचलाच नाही. सरांचा नियम मी मोडला असं मी मघाशी म्हणालो. खरं म्हणजे मी तो धड पाळलाही नाही आणि धड मोडलाही नाही. कागदाची एकच ओळ वाचून थांबलो.

जंतूंसाठी झील-नील्सन रंगही लावला होता. त्यात क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. एकही दिसला नाही. तुम्ही म्हणाल, मग थांबायचं ना! पण खऱ्या क्षयातही तुकड्यात जंतू पुष्कळदा सापडत नाहीत, इतके कमी असतात. म्हणजे सापडले तर पुरावा, नाही सापडले तर काहीच नाही. मी लिहिलं, ‘मृत भागासह ग्रॅन्युलोमा, क्षयाशी सुसंगत.’ ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहात जमणारं पेशींचं तसलं कडं. ‘सुसंगत’ हा आमचा लाडका शब्द. त्याचा अर्थ, मी म्हणत नाही, पण तुम्ही म्हणालात तर माझी हरकत नाही.

एकेटी सुरू झालं, म्हणजे क्षयाच्या गोळ्या. सहा महिन्यांचा कोर्स. दुसऱ्या महिन्यात त्याला वाटलं, जखम जरा कोरडी पडलीय. डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडलं. मलाही कळलं, मलाही बरं वाटलं. सहाव्या महिन्यात मनगटाच्या वर दोन गाठी आल्या, मग कोपराखाली तिसरी, एका रेषेत. हा रोग असाच चढतो, कंडरेच्या आवरणावरून, पडद्यावरून. बाकीचे बहुतेक सार्कोमा लसिकाग्रंथींच्या वाटेला फारसे जात नाहीत, हा जातो. दुसरा तुकडा आला तेव्हा त्याच्या कागदावर लिहिलं होतं, ‘औषधाला दाद न देणारा कॉक्स?’ या खेपेला मी कागद पालथा ठेवला.

आता या रोगाचं नाव कुणी ठेवलं ते सांगतो, कारण त्यात माझ्यासारख्यांना थोडा दिलासा आहे. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराची पॅथॉलॉजीची एक संस्था होती, आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी. तिचं मूळ 1862 सालचं. यादवी युद्ध चालू असताना सैनिकांचे जखमी अवयव, कापलेली हाडं जमवायला एक संग्रहालय काढलं, तेच वाढत वाढत एवढं झालं. जगभरातले पॅथॉलॉजिस्ट अडलेल्या काचा तिकडे पाठवायचे. 2011 मध्ये ती संस्था बंद झाली. तिथं फ्रान्झ एन्झिंगर नावाचे गृहस्थ मऊ भागांच्या गाठी बघत. 1970 मध्ये त्यांनी असे 62 रुग्ण एकत्र मांडले आणि शीर्षकातच सांगून टाकलं की हा सार्कोमा ग्रॅन्युलोमाचं किंवा कार्सिनोमाचं, म्हणजे आवरणाच्या पेशींतल्या कॅन्सरचं, सोंग घेतो.

एन्झिंगर यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण होती, हे उघड आहे. पण तेवढंच नाही. ज्याला आयुष्यात एकच दिसणार त्याला तो ओळखू येणार कसा? एक दिसला तर अपवाद वाटतो. बासष्ट ओळीनं लावले की तोच रोग होतो. दुर्मीळ गोष्ट ओळखायला हुशारी लागते त्याच्याआधी एक जागा लागते, जिथं दुर्मीळ गोष्टी गोळा होतात. पुढे 1985 मध्ये त्याच संस्थेतून 241 रुग्णांचा लेखाजोखा आला. ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्यातल्या 77 टक्क्यांना गाठ परत आली होती, 45 टक्क्यांत ती दूर पसरली होती. हे आकडे मी त्या तरुणाच्या दुसऱ्या काचेनंतर, रात्री जेवण झाल्यावर वाचले.

आपल्याकडे ती जागा परळला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल, 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं, आणि तिथल्या पॅथॉलॉजीची घडी बसवली डॉ. वसंत खानोलकर यांनी. गोमंतकीय कुटुंबातले. तोंडाचा कॅन्सर आणि कुष्ठरोग, दोन्हींवर त्यांनी काम केलं. म्हणजे गाठही आणि ग्रॅन्युलोमाही, दोन्ही एकाच डोळ्यानं बघितलेले. मला त्यांचा हा जोड फार आवडतो. आजही आमच्यासारख्यांची वाट तीच. मेणाचा ब्लॉक डबीत घालायचा, नातेवाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, ‘मुंबईला जा.’

तिथं काय करतात? आता सगळ्यात अवघड भाग, पण चहाला वेळ आहे, तेव्हा ऐका.

पेशीत अमुक एक प्रथिन आहे का, हे बघायला त्याला नेमकं चिकटणारं अँटिबॉडी कापावर सोडतात. ते जिथं चिकटेल तिथं तपकिरी रंग उमटतो. प्रथिन असेल तर तपकिरी, नसेल तर नुसतं फिकं निळं. या गाठीत केराटिन तपकिरी होतं. क्षयाच्या पेशींत ते नसतं. म्हणजे पहिला धागा सापडला. पण केराटिन कार्सिनोमातही असतं. मग निवाडा कुणी करायचा?

निवाडा करतं एक प्रथिन, जे नसतं. त्याचं नाव आयएनआय-1. त्याची गोष्ट कुठून सुरू होते बघा. 1994 मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, गंजाम कल्पना नावाच्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ एड्सच्या विषाणूवर काम करत होत्या. विषाणूचं इंटिग्रेज नावाचं हत्यार माणसाच्या पेशीत कुणाला जाऊन भेटतं, हे त्यांना शोधायचं होतं. एक प्रथिन सापडलं. इंटिग्रेजला भेटणारा पहिला, म्हणून ‘इंटिग्रेज इंटरॅक्टर 1’. बघितलं तर त्याचा भाऊबंद पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये आधीच माहीत होता. ते जनुक बिघडलं की यीस्टला साखर आंबवता येत नाही, एवढीच त्याची ओळख. 1998 मध्ये लक्षात आलं की लहान मुलांच्या एका फार वाईट गाठीत हेच जनुक मोडलेलं असतं. आणि 2009 मध्ये बॉस्टनच्या पॅथॉलॉजिस्टनी दाखवलं, एपिथेलिऑइड सार्कोमांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांत हे प्रथिन गायब असतं. कुठं एड्स, कुठं यीस्ट, कुठं कारखान्यातल्या फिटरचा तळहात! ठरवून कुणी हा रस्ता काढला नसता.

हे प्रथिन करतं काय? आपला डीएनए रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. जो मजकूर वाचायचा तिथली रिळं बाजूला सरकवावी लागतात. ती सरकवणाऱ्या टोळीतला हा एक गडी. तो गेला की टोळीचं काम विस्कटतं आणि दोरा घट्ट आवळणाऱ्या विरुद्ध बाजूला रान मोकळं मिळतं. त्या बाजूच्या ईझेडएच-2 नावाच्या प्रथिनाला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मंजूर झालं. ज्या चाचणीवरून मंजूर झालं तिच्यात किती रुग्ण होते? 62. एन्झिंगर यांच्या पहिल्या यादीइतकेच, निव्वळ योगायोग. त्यातल्या 9 जणांची गाठ ठळकपणे आटली. पन्नास वर्षं, आणि बासष्टात नऊ. कमी वाटतं का? मलाही वाटतं. पण त्याआधी या रोगासाठी म्हणून काढलेलं औषधच नव्हतं.

तर मुद्दा असा, की इथं निदान रंग दिसण्यावरून नाही, न दिसण्यावरून होतं. काचेवर काही नाही, म्हणून कॅन्सर. आणि इथंच सगळ्यात मोठा धोका. रंग उमटला नाही याची कारणं किती असतील? प्रथिन नसेल. किंवा अँटिबॉडी शिळं झालं असेल. किंवा तुकडाच नासलेला असेल. रिकाम्या भांड्याकडे बघून ‘दूध नव्हतंच’ म्हणायचं, की ‘मांजर पिऊन गेलं’ म्हणायचं?

याला तोड निसर्गानंच ठेवली आहे. त्याच कापात रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी पेशीही असतात. लिम्फोसाइट, रक्तवाहिनीचं अस्तर. त्यांच्यात आयएनआय-1 असतंच. ते तपकिरी झालेत आणि शेजारची गाठीची पेशी कोरी आहे, तरच ते कोरेपण खरं. ते शेजारी साक्षीला नसतील तर ‘नाही’ या उत्तराला काडीची किंमत नाही.

माझा पहिला ब्लॉक, सलाईनच्या बाटलीतला, मुंबईला गेला. तिथून कळवलं, कापात कुठंच तपकिरी नाही. गाठ कोरी, लिम्फोसाइट कोरे, रक्तवाहिन्या कोऱ्या. अर्थ लावता येत नाही. दुसरा तुकडा फॉर्मालिनमधून आला होता. त्यात रक्तवाहिन्या तपकिरी, लिम्फोसाइट तपकिरी, आणि त्यांच्या मधोमध गाठीची पेशीन् पेशी फिकी निळी. ते चित्र मी अजून विसरलेलो नाही. आषाढातल्या रात्री सगळ्या गल्लीत दिवे असावेत आणि एकाच घरात अंधार असावा, तसं.

एवढ्यानंही भागत नाही, हे सांगून ठेवतो. आयएनआय-1 हरवलेल्या आणखीही गाठी आहेत. तेव्हा परत वय, परत जागा, परत केराटिन, परत निळी-गुलाबी काच. परत कागद.

नंतर माझं काय झालं? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी वर्षभर पाणीसुद्धा फुंकून प्यायलो. प्रत्येक ग्रॅन्युलोमात मला सार्कोमा दिसायला लागला. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या नडगीवरची गाठ आली. ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर म्हणतात त्याला, मुलांमध्ये होतो, काही न करता आपोआप जातो. मी लिहिलं, ‘सार्कोमाची शक्यता नाकारता येत नाही.’ तिची आई तिला घेऊन मुंबईला गेली, नातेवाइकांकडे आठ दिवस राहिली, सोन्याची एक वस्तू गहाण पडली. आणि तिकडून उत्तर आलं, काही नाही, घरी जा. साप म्हणून भुई धोपटली मी. ‘नाकारता येत नाही’ हाही आमचा लाडका शब्दप्रयोग, ‘सुसंगत’चा धाकटा भाऊ. दोन्ही लिहिताना पॅथॉलॉजिस्ट सुरक्षित असतो. रुग्ण नसतो.

त्यानंतर मी सरांच्या नियमाला एक शेपूट जोडलं. आधी काच, मग कागद, मग परत काच, मग फोन. सर्जनला फोन लावायचा आणि विचारायचं, ‘गाठ कशी होती हो? कडक? सरकत होती का खाली? दुखत होतं का?’ बहुतेक वेळा दोन मिनिटांत उलगडा होतो. कधी कधी समोरचा चिडतो. चिडू दे.

आता त्या तरुणाबद्दल. दुसऱ्या तुकड्यानंतर मी सुधारित अहवाल काढला. पहिला अहवाल चुकला होता, असं त्यात लिहिलं. तो ब्लॉक न्यायला स्वतः आला होता, सोबत मोठा भाऊ. मी दोघांना आत बसवलं आणि तोंडानंही सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. तो तरुण बराच वेळ हाताकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, ‘म्हणजे डॉक्टर, त्या गोळ्यांनी सहा महिने लघवी लाल व्हायची, ते उगीचच का?’

रिफाम्पिसिननं होते तशी. मी म्हणालो, ‘हो, उगीचच.’

आमच्याकडे ब्लॉक नेण्याचं एक रजिस्टर असतं. डावीकडे ‘नेले’, उजवीकडे ‘परत दिले’. दोन्हीकडे तारीख आणि सही. नेलेले ब्लॉक सहसा कुणी परत आणून देत नाही, ते मुंबईतच राहतात किंवा घरात कुठं तरी पडतात. त्यानं आणून दिले, पाच महिन्यांनी. मुंबईला कोपराखालून हात काढला होता. फुप्फुसं तेव्हा तरी स्वच्छ होती. टेक्निशियननं सवयीनं रजिस्टर पुढं सरकवलं आणि पेन दिलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

तो तरुण म्हणाला, ‘राहू द्या, येतं आता मला.’

ते रजिस्टर माझ्या घरी आहे. डावीकडची सही सरळ, झोकदार, खाली रेघ ओढलेली. उजवीकडची पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, रकान्याबाहेर गेलेली. खाली रेघ तिलाही आहे.